मदत हवी आहे: ड्युटीच्या पिस्तुलासाठी पावसात टिकणारी रेड डॉट साइट

नमस्कार मंडळी,

मी ठाण्यात पोलीस खात्यात आहे. शस्त्रागार आणि सराव फायरिंग या दोन्हींशी रोजचा संबंध. तुकडी कुठली ते कृपया विचारू नका. आमच्याकडच्या काही ग्लॉक १७ एमओएस आहेत, म्हणजे स्लाइडवर (पिस्तुलाच्या वरच्या सरकणाऱ्या भागावर) साइट बसवायची सोय कंपनीनेच दिलेली. (जुन्या ९ एमएम १ए ला ती सोय नाही, त्यामुळे तो विषय सोडा.) कुठली रेड डॉट साइट (काचेत प्रकाशाचा ठिपका, म्हणजे डॉट, दिसतो; तो लक्ष्यावर ठेवून नेम धरायचा) घ्यावी यावर साहेबांनी टिपण मागितलंय. खरेदी रीतसर होईल, मला फक्त तांत्रिक बाजू पक्की करायची आहे.

नेटवर बघावं तर सगळे ट्रिजिकॉन आरएमआर टाइप २ चं नाव घेतात. मजबुतीबद्दल शंका नाही, ७०७५ अ‍ॅल्युमिनियमची बॉडी आहे. पण ती उघडी साइट. डॉट टाकणारा एलईडी मागून मोकळा असतो, त्यावर पाण्याचा एक थेंब बसला की डॉट फुटतो नाहीतर दिसेनासा होतो. जुलैत घोडबंदर रोडला नाकाबंदीला उभं राहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. शिवाय होल्स्टरमधली धूळ आणि कापडाचे तंतूही तिथेच जाऊन बसतात.

दुसरी अडचण बॅटरीची. आरएमआर टाइप २ ची बॅटरी खालून बदलतात, म्हणजे साइट उतरवा, परत बसवा आणि झिरो तपासा, म्हणजे डॉट जिथे तिथेच गोळी लागते ना ते फायर करून बघा. एका पिस्तुलाला ठीक आहे हो. पण आमच्याकडे पिस्तूल कुणा एकाचं नसतं, दिवसपाळीत एकजण नेतो, रात्रपाळीत दुसरा. यूट्यूबवाले सगळे ‘माझं पिस्तूल, माझी बॅटरी’ या हिशोबाने बोलतात. इथे बॅटरी बघायची कुणी, तर शस्त्रागाराने. आणि दरवेळी झिरोसाठी राउंड कुठून आणायचे?

म्हणून माझा कल बंद साइटकडे आहे, म्हणजे जिचा एलईडी पुढून-मागून काचेआड बंद असतो. एमपॉइंट अ‍ॅक्रो पी-२ की होलोसन ५०९टी, इथे अडलोय. दोन्हींची बॅटरी बाजूने निघते. कुणी रोजच्या ड्युटीत वापरल्यात का?

— खाडीकाठचा

जुना आर्मरर: साहेब, बंद साइटचा विचार बरोबर आहे. मी अ‍ॅक्रो म्हणेन. सीआर २०३२ वर ५०,००० तास, म्हणजे पाच वर्षांहून जास्त, चालूच ठेवायची. दरवर्षी ठरलेल्या तारखेला सगळ्यांच्या बॅटऱ्या बदला, रजिस्टरला नोंद करा, विषय संपला. ५०९टी टायटॅनियमची आहे, हलवली की जागी होते, वर सोलरही आहे. वाईट अजिबात नाही, पण बटणं आणि मोड जास्त. दहा हातांतून फिरणाऱ्या शस्त्राला सेटिंग जितकी कमी तितकं बरं. अ‍ॅक्रोचा डॉट ३.५ एमओए (कोनाचं माप), म्हणजे २५ मीटरवर साधारण अडीच सेंटिमीटर. पुरेसा आहे.

खरं दुखणं साइटचं नसतं, स्क्रूचं असतं. स्लाइड प्रत्येक राउंडला मागेपुढे आपटते, त्यात साइटखालची प्लेट सैल होते. कंपनीने सांगितलेला टॉर्क (आवळण्याचा जोर), थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद), आणि स्क्रूवरून बॉडीवर रंगाची बारीक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरलाय हे पिस्तूल देतानाच कळतं.

ऐरोलीकर: एसी गाडीतून बाहेर उतरलं की बंद साइटच्याही काचेवर वाफ धरते, तेव्हा अँटीफॉग लावायची सवय ठेवा. आणि काहींना डॉट गोल न दिसता धूमकेतूसारखा दिसतो. साइट बदलण्याआधी मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघायला सांगा. तिथे गोल दिसला तर दोष साइटचा नाही, डोळ्याचा; चष्म्याचा नंबर तपासायचा.

खाडीकाठचा: रेघेची युक्ती या आठवड्यातच करतो, असलेल्या स्क्रूंवरही. टिपणात दोन खर्च वाढवावे लागतील असं दिसतंय: काचेतून दिसतील अशा उंच आयर्न साइट्स (पिस्तुलावरची साधी माशी आणि खाच), म्हणजे डॉट गेला तरी नेम धरता येईल, आणि नवीन होल्स्टर, कारण सध्याच्यात साइट लावलेलं पिस्तूल जाणारच नाही. लेव्हल टू होल्स्टर (पिस्तूल दोन प्रकारे अडकवून धरणारं) कुणी वापरत असेल तर अनुभव सांगा.