व्हायकिंग्ज प्लेऑफमध्ये हरले, छताखालच्या मैदानांनी टीमचा जोर घालवला काय?

टिळकवाडीकर:
अमेरिकन फुटबॉल बघणारे बेळगावात कोण आहेत काय? २०२५ च्या संक्रांतीला सकाळी साडेसहाला आमच्या मिनियापोलिसच्या व्हायकिंग्ज टीमची प्लेऑफ, म्हणजे सीझननंतरची बाद फेरीची मॅच, घरात तिळगुळाची गडबड नि मी मोबाईल धरून बघुलालतो, लॉस एंजेलिसच्या रॅम्स टीमनी २७-९ नी हाणलं. सीझनला १४ जिंकून ३ च हरलेली टीम, आणि आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा, सॅम डार्नॉल्डला ९ वेळा सॅक केलं, म्हणजे फेकायच्या आधीच आडवा केला, एकदा बॉल सुटला तो रॅम्सच्या जॅरेड व्हर्सनं उचलून ५७ यार्ड पळत थेट टोकाच्या रेषेपलीकडं नेला, टचडाऊन. अजून सल जात नाही. मॅच खरी लॉस एंजेलिसला, तिथं वणवे पेटले म्हणून ॲरिझोनात ग्लेंडेलला नेली, वर छत. आदल्या आठवड्यात डेट्रॉइटला ३१-९ हरलो तिथंही छत. आणि आमचं मिनियापोलिसचं स्टेडियम तर २०१६ पासून बंदिस्तच. मी नोकरीला तिथं होतो, जानेवारीत बाहेर पडलं की तोंड बधिर होतंय, ती थंडी म्हणजे आमची ताकद होती ओ. १९८१ पर्यंत उघड्यावर खेळायचे, कोच बड ग्रँट साईडलाईनला हीटर लावू द्यायचे नाहीत, हेच रॅम्स १९६९, १९७४, १९७६ च्या सीझनला तिथं प्लेऑफ हरून गेलेत. छत घालून आपण आपलंच घर परक्यासारखं केलं असं मला वाटतं. तुम्हाला काय वाटतं?

कॅम्पातला:
दादा तुमचं दुःख कळतंय पण हे छतावर ढकलू नका. ९ सॅक म्हणजे क्वार्टरबॅकला वाचवणारी पुढची फळी, लाईन, फुटली, उघड्यावरही फुटली असती. २०१६ च्या जानेवारीत नवीन स्टेडियम व्हायचं होतं म्हणून युनिव्हर्सिटीच्या उघड्या मैदानावर सीहॉक्सशी प्लेऑफ झाली, उणे २१ सेल्सिअस, तुम्हाला पाहिजे तशी थंडी. शेवटी आपल्या ब्लेअर वॉल्शची गोलवर मारलेली २७ यार्डाची किक बाहेर, १०-९ नी गेलो. आणि १९९९ ला मेट्रोडोममध्ये, म्हणजे आपल्या जुन्या छतवाल्या स्टेडियमात, आपल्याच गॅरी अँडरसनची ३८ यार्डाची चुकली, त्या सीझनला त्यानं तोवर एकही चुकवली नव्हती, मग फाल्कन्स ओव्हरटाईमला ३०-२७ नी जिंकले. बरं ग्रँटच्या वेळचे चारही सुपर बोल, म्हणजे सीझनच्या फायनल, आपण हरलोय, ते गरम गावात होते. थंडीवर जगणारी टीम तिथं काय करणार?

खानापूरकर:
मला हा खेळ भाच्यानं शिकवला, जास्त कळत नाही, पण मैदानाचं कळतं. आमच्याकडं जुलैत शाळेच्या फुटबॉल मॅचेस व्हायच्या तेव्हा बॉल पाण्यात जाग्यावर थांबायचा, बाहेरची पोरं जोरात पळत येऊन घसरायची नि आमची पोरं बॉल उचलून मारायची, लांब पास नाहीच. ते मैदान आमच्या बाजूनं होतं हे खरंय. पण भाच्यानं सांगितलं १९७७ च्या प्लेऑफला लॉस एंजेलिसला चिखल झाला, रॅम्सच्या घरात, आणि व्हायकिंग्ज १४-७ नी जिंकले. म्हणजे पाऊस घरच्याचाच असतोय असं काय नाही. तरी पण मॅचवर आभाळ पाहिजे, हे माझं ठाम मत. छताखाली दोन्ही टीमना सगळं सारखंच मिळतंय, मग सोसायची तयारी केलेल्याला काय मिळालं?

निपाणीची_सून:
लहान पोरं घेऊन उणे वीसमध्ये तीन तास कोण बसणार? माझे दीर तिकडं आहेत, घरचे सगळे स्टेडियमला जातात ते छत आहे म्हणूनच. आणि आवाज विसरू नका, बंद जागेत समोरच्या क्वार्टरबॅकला स्वतःच्या माणसांना हाक ऐकवता येत नाही. २०१८ ला सेंट्सविरुद्ध शेवटच्या क्षणी आपल्या स्टेफॉन डिग्सनं ६१ यार्डाचा टचडाऊन केला, २९-२४, तो ह्याच छताखाली. पुढच्या आठवड्यात फिलाडेल्फियाला उघड्यावर ३८-७ नी हरलो.

टिळकवाडीकर:
वहिनी, आवाजाचं मान्य. पण तो आवाज मिळायला प्लेऑफ घरात पाहिजे, आणि डेट्रॉइटला हरल्यामुळं १४ मॅच जिंकूनसुद्धा आपल्याला बाहेर जावं लागलं, माझा खरा राग त्या ३१-९ वर आहे. कॅम्पातल्या भावा, लाईनचं तुझं पटलं, मी ते ९ सॅक परत लावून बघतो, किती लाईनमुळं नि किती डार्नॉल्डनं बॉल धरून ठेवल्यामुळं ते इथंच लिहितो.