मदत हवी आहे : भाषणातली घोषणा आणि सरकारी निर्णय यांचा संबंध तपासायचा कसा?

नमस्कार मंडळी. शिवाजी विद्यापीठात राज्यशास्त्रात एम.ए. करतोय. प्रकल्पाचा विषय : तंत्रज्ञानावरची नेत्यांची भाषणं आणि सरकारचे प्रत्यक्ष निर्णय. सरांचं म्हणणं, घोषणांची यादी कर, पुढं ‘पूर्ण’ किंवा ‘अपूर्ण’ लिही, झालं. मला हे काही पटेना.

आता हेच बघा. १५ ऑगस्ट २०२० ला पंतप्रधान लाल किल्ल्यावरून म्हणाले, १००० दिवसांत सहा लाखांवर गावांत ऑप्टिकल फायबर पोचेल. ती मुदत मे २०२३ मध्ये सरली. ग्रामपंचायती फायबरनं जोडणाऱ्या ‘भारतनेट’ योजनेच्या सुधारित आराखड्याच्या सुमारे १.३९ लाख कोटींना मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली ऑगस्ट २०२३ मध्ये! म्हणजे मुदत आधी संपली, मोठा पैसा नंतर आला. बरं, योजना तरी या भाषणातून आली का? तीही नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये, आधीच्या सरकारनं ‘नॅशनल ऑप्टिकल फायबर नेटवर्क’ म्हणून मंजूर केलेली. पुढं तिचंच भारतनेट झालं. फाइल जुनीच, भाषणानं तिच्यावर तारीख टाकली. मग घोषणेचा परिणाम म्हणून मी मोजू काय?

दुसरं उदाहरण याच्या अगदी उलट. ३ ऑगस्ट २०२३ ला, कुठल्या सभेत गाजावाजा न होता, विदेश व्यापार महासंचालनालयाची अधिसूचना आली : लॅपटॉप, टॅबलेट आयात करायला परवाना लागणार. दुसऱ्याच दिवशी अंमलबजावणी पुढं ढकलली. शेवटी ऑनलाइन अर्ज करून परवानगी घ्या, इतक्यावर निभावलं. आत्मनिर्भरतेची भाषणं २०२० पासून चालू होतीच. म्हणून हा निर्णय त्यांच्या खात्यावर मांडायचा? मला तर वाटतं, भाषणाशी जुळणारा निर्णय मागाहून शोधला की कुठं ना कुठं सापडतोच. परीक्षकांनी हेच विचारलं तर काय सांगू?

‘निर्णय’ धरायचा कशाला, यावरही अडलोय. मंत्रिमंडळाची मंजुरी, राजपत्र, अर्थसंकल्पातली तरतूद की खरोखर झालेला खर्च? माझा कल खर्चाकडं आहे. कुणी असं काम केलं असेल तर पद्धत सांगा.

आणखी एक, हे खास आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्यांना. शाहूवाडी, गगनबावड्याच्या काही ग्रामपंचायतींत जाऊन कनेक्शन चालू आहे का ते बघायचंय, कारण ‘जोडलेली’ आणि ‘चालू’ यात फरक असतो. आपल्याकडं हे काम बीएसएनएलकडं की महानेटकडं (राज्य सरकारचा फायबर प्रकल्प)? माहिती अधिकाराचा अर्ज नेमका कुणाकडं टाकू? ग्रामपंचायतीत काम करणारं कुणी इथं असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा राव, गावाचं नाव प्रकल्पात येणार नाही.