अनुभव धागा: वरचं अन्न सुरू झाल्यावर

सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध, हे सगळ्यांना पाठ असतं. खरी ओढाताण त्यानंतरची. तुमच्या घरात बाळाला कोण भरवतं, काय, कसं? सल्ले नकोत, घडलेलं लिहा.

पाड्यावरची ताई
मी पालघरकडे अंगणवाडी सेविका. पोर कुपोषित आहे का हे बघायला त्याच्या दंडाचा घेर रंगीत पट्टीनं मोजतो: ११.५ सेंमीच्या खाली लाल, तिथून १२.५ पर्यंत पिवळी, पुढे हिरवी. एक पोर पिवळ्यातून हलेना. घरात तांदूळ होते, डाळही होती. पण आई वीटभट्टीवर, आणि सांभाळायला आठ वर्षांची बहीण. ती बिचारी पेजेचं वरचं पाणी पाजायची, कारण ते पटकन संपतं. मुठीएवढं पोट, पाण्यानंच भरायचं. मग तिलाच शिकवलं: खालची शितं डाळीबरोबर घोटायची, चमचा वाकडा केला तरी सांडू नये इतकी दाट. अमृत आहार योजनेतलं, म्हणजे आदिवासी भागातल्या अंगणवाडीत सरकारकडून मिळणारं अंडं मात्र माझ्यासमोरच भरवते. घरी नेलं की चार भावंडांत वाटलं जातं, आणि तेही बरोबरच आहे म्हणा. एक सांगते, भरवताना त्या बहिणीइतक्या गप्पा कोणी मारत नाही. काऊचा घास, चिऊचा घास, मध्येच कोंबडीला हाक. ते पोर दीड वर्षाचं होताना ‘कोंबी’ म्हणायला लागलं. पट्टी हिरवी झाली ती पावसाळ्यात, आई घरी असताना.

डोंबिवलीकर
भाच्याचं उदाहरण. दीड वर्षाचा, दिवसभर दुधाची बाटली, जेवणाला तोंड फिरवायचा. गुटगुटीत, म्हणून कुणाला शंका नाही. भिंतीचे पोपडे खायला लागला तेव्हा रक्त तपासलं: हिमोग्लोबिन ८, म्हणजे बरंच कमी. गाईच्या दुधात लोह जवळपास नसतं, वर भूक मारतं. डॉक्टरांनी लोहाचं औषध दिलं आणि बाटली बंद केली. पहिला आठवडा घरात नुसता आक्रोश.

नवाबाबा
आमची लेक स्वतःच्या हाताने खाते. भात केसांत, वरण कानात. आई म्हणते, अन्नाची नासाडी. पण परवा एकेक शीत चिमटीत धरून उचलत होती, तेव्हा आईच हळूच मोबाइल काढून शूटिंग करत होती.

माईआजी
आमच्या वेळी मध चाटवायचे. वर्षाच्या आत देऊ नये म्हणतात, त्यातून क्वचित विषबाधा होते. सुनेनं बाटली वर ठेवली, मी काही बोलले नाही.

नवाबाबा
ताई, त्या घोटलेल्या भातात तेल घालता का?

पाड्यावरची ताई
हो, चमचाभर, शिजल्यावर वरून. खुरासणीचं, शेंगदाण्याचं, घरात असेल ते. तिखट घालायच्या आधी बाळाचं बाजूला काढा.