कान्ह वळवून शिप्रा स्वच्छ होते का?

रामबागवाला
२०२८च्या सिंहस्थासाठी, आपल्या इंदुरातून वाहत पुढे शिप्रेला मिळणाऱ्या कान्ह नदीचं पाणी उज्जैनच्या अलीकडे जमालपुऱ्याला अडवायचं, तीसेक किलोमीटर बंद नळ आणि बोगद्यातून न्यायचं, शिप्रेचे घाट चुकवून पुढे गंभीर नदीत सोडायचं, असं काम चाललंय. २०१६च्या सिंहस्थाआधीही राघो पिपल्याहून कालियादेहपर्यंत पाइप टाकला होताच. माझा याला विरोध आहे. घाण आपली, ती इंदुरातच संपवा.

कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांशी कान्ह आणि सरस्वती मिळतात. होळकरांनी आपल्या माणसांची स्मारकं तिथे बांधली, गटाराच्या काठी नव्हे. पंढरीनाथाचं देऊळ झालं, पुलाला चंद्रभागा नाव मिळालं. मराठी माणसाने इथे पंढरपूरच मांडलं होतं म्हणा ना! मग १९७८ला नर्मदाकाठच्या जलूदहून, सत्तर किलोमीटरवरून, घाट चढवून नर्मदा आली. माझं म्हणणं एवढंच, की पाणी लांबून यायला लागलं आणि घराजवळच्या नदीची गरज संपली. जिचं पाणी प्यायचं नाही तिच्यात काय सोडलं जातंय, हे कोण बघतो?

जुनी_इंदूर
भिया, नर्मदेवर खापर फोडू नका. तिच्याआधी उन्हाळ्यात पाण्याचे काय हाल असत, ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. आणि नदी बिघडली १९७८नंतर? स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिसचा इंदूरवरचा अहवाल १९१८चा आहे. तेव्हाही सांडपाण्याचं काय करायचं, हाच घोळ होता. मैला पाण्यावाटे वाहून न्यायच्या खर्चिक योजनेपेक्षा तो मातीत, बागांत जिरवा, असं त्याचं मत. ऐकलं कोणी? प्लेगच्या वेळी त्याने दिवाळीची मिरवणूक काढवली, ज्या गल्ल्या साफ होतील तिकडून ती नेली, ते मात्र सगळ्यांना आठवतं.

बंद नळाचं म्हणाल तर सिंहस्थाला कोट्यवधी लोक येतात. त्यांनी आपल्या तत्त्वापायी आपल्याच घाणीत नाहायचं का?

सुदामानगरची काकू
मला तर वाटतं नदी बरीच सुधारली आहे. सांडपाणी शुद्ध करूनच सोडणाऱ्या शहराला मिळणारा वॉटर प्लस दर्जा २०२१ला देशात पहिल्यांदा इंदूरलाच मिळाला. घरांच्या सांडपाण्याचे नळ थेट नदीत सुटत होते, ते बंद केले. छत्र्यांजवळून जाताना आता नाकाला पदर लावावा लागत नाही. सारखं रडगाणं कशाला?

चंद्रभागा_पूल
काकू, वास कमी झाला, कबूल. पण त्यासाठी काठावरच्या वस्त्या उठल्या, तो हिशोब कुठे मांडायचा? नदी घाण केली सगळ्या शहराने, अतिक्रमणवाले ठरलो आम्ही. पूर यायचा तेव्हा तो आधी आमच्या घरात शिरायचा, तेव्हा कुणाला काठ सुंदर करायचं सुचलं नाही. आता पायवाट, दिवे, बाकडी. बसायला या, पण आम्ही कुठे राहतो तेही विचारा.

जुनी_इंदूर
पुरात घरं बुडत होती म्हणूनच हलवली ना? दोन्ही बाजूंनी बोलू नका.

चंद्रभागा_पूल
हलवण्याला ना नाही हो. कामावरून इतकं लांब टाकण्याला आहे. धुणीभांडी करणाऱ्या बाईने रोज दोन रिक्षा बदलायच्या?

रामबागवाला
काकू, वॉटर प्लसचा मलाही अभिमान आहे. पण पाणी इतकं चांगलं झालं असेल तर उज्जैनला ते बंद नळातून का न्यावं लागतं? दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नाहीत. आणि गंभीरवरच आपला यशवंत सागर तलाव आहे. नदीच्या वरच्या अंगाला आपण पाणी प्यायचं आणि खालच्या अंगाला घाण सोडायची, ही कुठली रीत? तिच्या काठी गावं आहेत, त्यांच्या विहिरी आहेत. तिथे सिंहस्थ भरत नाही, एवढाच त्यांचा दोष.

जुनी_इंदूर, भाविकांनी घाणीत नाहावं असं मी म्हणत नाही. सिंहस्थापुरता नळ चालवा. पण छत्र्यांशी पाटी लावा, आणि कान्हच्या पाण्याची तपासणी दर आठवड्याला तिच्यावर लिहा.

जुनी_इंदूर
पाटीला माझी हरकत नाही. फक्त तपासणी महापालिकेने स्वतः करायची नाही, बाहेरच्याकडून करवायची. आणि शहर सोडताना नदी कशी असते तेही लिहायचं, नुसतं छत्र्यांपाशी नको.