यकृत प्रत्यारोपणाच्या तपासणीची तारीख येईपर्यंत घरात काय सांभाळावे?

वाडीची वहिनी (बडोदे)

नमस्कार. माझ्या यजमानांना, वय ५८, लिव्हर सिरॉसिस आहे, म्हणजे यकृत व्रणांनी कडक होत गेले आहे. कारण मद्य नसून जुना मधुमेह, वाढलेले वजन आणि त्यातून झालेले फॅटी लिव्हर हे आहे. हे आधीच लिहून टाकते, कारण दारूबंदीच्या राज्यात जन्म गेला तरी आजाराचे नाव काढताच समोरचा माणूस पहिला प्रश्न डोळ्यांनीच विचारतो. दिवाळीनंतर त्यांच्या पोटात पाणी होऊ लागले. मग एकदा रक्ताची उलटी झाली आणि दुर्बिणीतून अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा बांधाव्या लागल्या. आता इथल्या डॉक्टरांनी प्रत्यारोपणाच्या तपासणीसाठी अहमदाबादला पाठवले असून तिथली तारीख पुढच्या महिन्यातली आहे.

मला धास्ती आहे ती या मधल्या काळाची. हे रात्रभर जागे असतात आणि दुपारी जेवता जेवता डुलक्या घेतात. परवा सही जुळत नाही म्हणून बँकेतून चेक परत आला. पाहते तो, शेवटची दोन अक्षरे ओळ सोडून खाली घसरलेली, आणि हा माणूस जन्मभर हिशेबाच्या वह्या लिहीत आलेला. लॅक्ट्युलोज हे शौच पातळ करणारे औषध घ्यायला टाळाटाळ करतात, कारण ते घेतले की घराबाहेर पडता येत नाही. संकष्टी सोडायला तयार नाहीत. सासूबाई म्हणतात की डाळ आणि पनीर लिव्हरला जड, ते बंद करा. शेजारच्या काकू प्रेमाने गुळवेलाचा काढा आणून देतात. आमचा रक्तगट एकच असल्यामुळे यकृताचा भाग मीच द्यावा असे माझ्या मनात आहे, पण हा विषय काढला की हे उठून दुसऱ्या खोलीत जातात.

तारखेपर्यंत घरात कशाकडे लक्ष द्यावे आणि त्या तपासणीत नेमके काय होते, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांनी कृपया सांगावे.

मांजलपूरची मावशी

मी परिचारिका होते, आता निवृत्त आहे. ताई, आधी सहीबद्दल. अक्षर बिघडणे, दिवस-रात्रीची अदलाबदल होणे आणि कारण नसताना चिडणे ही एकाच दुखण्याची लक्षणे असू शकतात. आतड्यांत तयार होणारा अमोनिया आणि तशीच इतर द्रव्ये आजारी यकृताला गाळता येत नाहीत, ती मेंदूपर्यंत पोचतात आणि माणूस हळूहळू गुंगीकडे सरकतो. तेव्हा पुढच्या महिन्याची वाट न पाहता चेकची ही हकीकत आजच इथल्या डॉक्टरांच्या कानावर घाला. घरी पाहायचे असेल तर त्यांना दोन्ही हात समोर ताठ धरून, रहदारीच्या पोलिसासारखे पंजे उभे करून, बोटे पसरायला सांगा. पंजे राहून राहून खाली पडत असतील तर तेही सांगायचे. रोज सकाळी एका वहीत तारीख आणि सही लिहून घ्या. डॉक्टरांना ती वही फार उपयोगी पडते.

लॅक्ट्युलोजचे माप शौचावरून ठरते. दिवसातून दोन ते तीन वेळा मऊ शौच व्हावे इतके ते हवे. बद्धकोष्ठ झाले तर गुंगी वाढते, आणि पाण्यासारखे जुलाब झाले तरी अंगातले पाणी व क्षार घटून पुन्हा गुंगीच वाढते, म्हणून दोन्ही टोके टाळायची. बाहेर जायचे असेल त्या दिवशी डोस बुडवू नये. त्याची वेळ पुढे-मागे करता येईल का, ते डॉक्टरांना विचारावे. झोप येत नाही म्हणून झोपेची गोळी मात्र आपल्या मनाने कधीही देऊ नका. गाडी चालवणे आता बंद करा, आणि मोबाइलवरचे पैशांचे व्यवहार गोडीगुलाबीने तुमच्याकडे घ्या. एकच बिल दोनदा भरल्याचे प्रकार या आजारात घडतात.

सासूबाई सांगतात ते पथ्य एके काळी डॉक्टरही सांगत असत, पण ते आता मागे पडले आहे. या आजारात स्नायू झपाट्याने झडतात आणि अमोनियाचा काही भार स्नायूच उचलत असतात, त्यामुळे प्रथिने तोडली तर नुकसान दुहेरी होते. पोटातले पाणी वगळून जे वजन राहील त्याच्या दर किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने हे आजचे प्रमाण आहे. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. मूग, दही, ताक, पनीर आणि चालत असतील तर अंडी, हे थोडे थोडे करून दिवसभर द्यावे. संकष्टीचे म्हणाल तर सिरॉसिसच्या रोग्याच्या यकृतात साखरेचा साठा उरलेला नसतो. नुसत्या एका रात्रीच्या उपाशीपणाने त्याच्या शरीराची जी अवस्था होते, ती निरोगी माणसाची दोन-तीन दिवसांच्या उपासाने होते. चंद्रोदयापर्यंत थांबणे त्यांना परवडणारे नाही. संकष्टी तुम्ही धरा, त्यांना नैवेद्याचा मोदक द्या, पण मधुमेह आहे म्हणून एकच. रोज निजण्यापूर्वी मात्र दूध-पोळी किंवा मुगाचे धिरडे असे काहीतरी पोटात गेलेच पाहिजे.

मिठाबद्दल थोडे अधिक लिहिते, कारण बडोद्याच्या स्वयंपाकघरात मीठ मिठाच्या बरणीतून कमी आणि बाकीच्या डब्यांतून जास्त येते. दिवसाची मर्यादा साधारण ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. शेव, गाठिया, पापड, लोणचे आणि बाहेरची सेव-उसळ यांत ती केव्हाच ओलांडली जाते. हे बहुतेकांना ठाऊक असते. ठाऊक नसते ते हे, की खायचा सोडा आणि पापडखार हेही सोडियमच असते, त्यामुळे खमण आणि खिचू अळणी केले तरी अळणी होत नाहीत. पोट फुगले म्हणून पाण्यात टाकून घेतात ती फसफसणारी पावडरही त्याच जातीची. आणि 'लो सोडियम' लिहिलेले मीठ तर आणूच नका. त्यात पोटॅशियम असते, आणि लघवीसाठी स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर रक्तातले पोटॅशियम धोक्याच्या पातळीवर जाऊ शकते. इतके सांगूनही एक पुस्ती जोडते: अळणी जेवण समोर आले की ताट बाजूला सारणारा रोगी असेल तर चिमूटभर मीठ परवडले, उपासमार नको. लिंबू, कोकम, आले, जिरे, कोथिंबीर यांवर भर द्या. पाणी मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय तोडू नये. रक्तातले सोडियम फार खाली गेले असेल तेव्हाच ते मोजून द्यावे लागते.

काढा बंद करा. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आल्याचे रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत. काकूंना वाईट वाटू नये म्हणून घेऊन ठेवा आणि बेसिनमध्ये ओता. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक नको, कारण त्यांनी मूत्रपिंड बिघडते आणि रक्तस्राव होऊ शकतो. पॅरासिटामॉल चालते, पण दिवसाला २ ग्रॅमच्या आत आणि डॉक्टरांना विचारून.

रोज सकाळी लघवीनंतर वजन करा. एका दिवसात किलोभर किंवा आठवड्यात दोन किलो वाढले तर कळवा. डांबरासारखे काळे शौच, रक्ताची उलटी, ताप, पोटात दुखणे, लघवी एकदम कमी होणे किंवा हाक मारूनही नीट जागे न होणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळ होण्याची वाट पाहू नये, १०८ला फोन करावा. पोटात पाणी असताना आलेला साधा तापही त्या पाण्यातल्या संसर्गाचा असू शकतो. गुंगीतल्या माणसाच्या तोंडात औषध ओतू नका, ते श्वासनलिकेत जाते.

फत्तेगंजकर

मी माझ्या पत्नीला यकृताचा भाग दिला आहे, म्हणून तपासणीच्या बाजूने लिहितो. मावशींच्या आहाराच्या सल्ल्यात भर घालण्यासारखे माझ्याकडे काही नाही.

तपासणी झाली म्हणजे अवयवाच्या प्रतीक्षा यादीत नाव लागले असे नाही. तपासणीत तीन गोष्टी पाहतात: प्रत्यारोपणाची खरोखर गरज आहे का, शरीर ते सोसेल का, आणि नंतर घरी सांभाळणारे कोणी आहे का. पहिल्या प्रश्नासाठी मेल्ड नावाचा गुणांक काढतात. तो बिलिरुबिन (काविळीचे माप), आयएनआर (रक्त गोठण्याचे माप), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे माप) आणि सोडियम या रक्ताच्या आकड्यांवरून ६ ते ४० मध्ये येतो आणि साधारण १५च्या पुढे प्रत्यारोपणाचा विचार सुरू होतो. पण गुण कमी असतानाही पोटातले पाणी आणि गुंगी माणसाला बेजार करू शकते, म्हणून चेकची आणि रात्रीच्या जागरणाची हकीकत तिथे पुन्हा सांगाच. फाइलमधल्या आकड्यांत ती दिसत नाही. दुसऱ्या प्रश्नासाठी हृदयाची व फुप्फुसांची तपासणी, यकृताचा सीटी स्कॅन, क्षयरोगाची आणि दातांची तपासणी होते. दात ऐकून नवल वाटेल, परंतु पुढे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे जन्मभर घ्यावी लागतात आणि हिरडीतला लपलेला संसर्ग तेव्हा डोके वर काढतो. दातांच्या डॉक्टरांकडे बडोद्यातच जाऊन घ्या, मात्र दात काढायची वेळ आली तर यकृताच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढू देऊ नका. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तुम्ही स्वतः आहात. समाजसेवक आणि मानसोपचारतज्ज्ञ तुमच्याशीही बोलतील. त्या बोलण्यात सगळे ठीक आहे असे सांगून वेळ मारून नेऊ नका. रात्री कोण जागते, पुण्या-मुंबईहून कोण येऊ शकते, पैशाची तजवीज कुठवर आहे, हे खरे खरे सांगितले तरच त्यांना मदत करता येते.

आता दात्याचे. १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात पती-पत्नी हे जवळचे नातेवाईक धरले आहेत, त्यामुळे तुम्ही देऊ शकता. एकच रक्तगट ही त्यातली पहिली पायरी झाली. तुमच्या यकृतात चरबी किती आहे, आकारमान किती आहे, तुमच्याकडे निदान ३० टक्के यकृत शिल्लक राहील का, हे सगळे नंतर तपासतात. रक्तगट जुळत नसता तरी दोन कुटुंबांत अदलाबदल करण्याची सोय २०११च्या दुरुस्तीने झाली आहे. उरलेले यकृत काही आठवड्यांत बरेचसे भरून येते हे खरे, पण ही मोठी शस्त्रक्रिया आहे आणि दात्याच्या जिवालाही, थोडा का होईना, धोका असतो. मला स्वतःला जड सामान उचलायला काही महिने मनाई होती. नियमांत स्त्री दात्यासाठी मुद्दाम सावधगिरी घातली आहे: तिची ओळख आणि तिची स्वतंत्र संमती रुग्णाखेरीज दुसऱ्या व्यक्तीने पडताळली पाहिजे. डॉक्टर तुम्हाला एकटीला बोलावून विचारतील. तिथे नाही म्हणण्याचाही तुम्हाला पूर्ण हक्क आहे, हे आपल्या घरांतून बायकांना सहसा कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

तुमचे यजमान उठून जातात, त्याचा अर्थ मी माझ्या पत्नीच्या अनुभवावरून लावतो. तिला मरणाची भीती कमी होती, आमच्या मुलीचे आई-बाप एकाच दिवशी शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाणार याची जास्त होती. हा विषय जेवणाच्या ताटावर काढू नका. डॉक्टरांसमोर, तेही सकाळी, त्यांचे भान चांगले असताना निघू द्या.

अहमदाबादला सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारातली सरकारी संस्था किडनीच्या नावाने ओळखली जात असली तरी तिथे यकृताचेही प्रत्यारोपण होते, आणि खासगी रुग्णालयेही आहेत. मेंदूमृत दात्याच्या यादीसाठी त्या त्या राज्याचा रहिवासी असण्याची अट २०२३ मध्ये केंद्राने काढायला सांगितली, त्यामुळे मुंबईचा पर्यायही बंद नाही. माझे मत विचाराल तर गुंगीतल्या माणसाला घेऊन दर खेपेस मुंबई गाठण्यापेक्षा दोन तासांवरचे अहमदाबाद बरे.

राजमहाल रस्ता

थोडेच लिहिते. माझ्या यजमानांना रुग्णालयाच्या निवड समितीने प्रत्यारोपण नाकारले, कारण हृदय साथ देणारे नव्हते. तेव्हा ताई, पहिल्याच भेटीत विचारून ठेवा की उत्तर 'नाही' किंवा 'अजून नाही' आले तर पुढची योजना काय. पोटातले पाणी किती दिवसांनी काढायचे, खाज आणि झोपेसाठी काय द्यायचे, दवाखान्यात कधी न्यायचे आणि कधी घरीच ठेवायचे, हे ठरवणारी वेदनाशामक (पॅलिएटिव्ह) सेवा प्रत्यारोपणाची वाट पाहतानाही घेता येते. ती घेतली म्हणून यादीतले नाव कापले जात नाही. ह्यांच्या शेवटच्या काही महिन्यांत त्या लोकांनीच आमचे घर सावरले. बँकेची खाती दोघांच्या नावे करणे, वारसाची नोंद करणे आणि विम्याचे कागद एकत्र ठेवणे ही कामे त्यांचे भान शाबूत आहे तोवर उरकून घ्या. त्याला अपशकुन मानू नका.

वाडीची वहिनी (बडोदे)

सर्वांची मी ऋणी आहे. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी लॅक्ट्युलोज वाढवले, जोडीला रिफॅक्सिमिन हे आतड्यांतल्या जंतूंवरचे औषध दिले आणि उद्या सकाळी रक्त तपासायला बोलावले आहे. काढा आणि फसफसणारी पावडर घरातून गेली. मोदकाची तडजोड ह्यांनी मान्य केली, पण दोन मागितले. फत्तेगंजकर, एक शंका आहे: आमचे लग्न १९९४ साली दांडिया बाजारातल्या कार्यालयात झाले, पण त्याची सरकारी नोंद कधी केलीच नाही. दाता म्हणून उभे राहताना ते आड येईल का?

फत्तेगंजकर

अडचण आहे, पण अडून राहण्यासारखी नाही. लग्न खरोखर झाले आहे आणि किती वर्षांचे आहे, याची खात्री करून घेणे प्रत्यारोपणाला परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्यांवर बंधनकारक असते. त्यासाठी विवाहाचा दाखला, लग्नाचे फोटो, सर्व कुटुंबाचा एकत्र फोटो आणि मुलांचे जन्मदाखले पाहतात. लग्नाची नोंद उशिरानेही करता येते, म्हणून महापालिकेच्या विवाह नोंदणी कार्यालयात याच आठवड्यात चौकशी करा. सोबत लग्नपत्रिका असेल तर ती न्या, आणि त्या दिवशी हजर असलेली दोन वडीलधारी माणसे साक्षीला येऊ शकतील का, हे विचारून ठेवा. दोघांच्या आधार कार्डांवर, रेशनकार्डावर आणि मुलाच्या दाखल्यावर तुमचे नाव एकाच प्रकारे लिहिले आहे ना, तेही पाहा. आमच्याकडे एका कागदावर माहेरचे आडनाव राहिले होते आणि त्या एका दुरुस्तीपायी तारीख पुढे गेली.