प्रश्नावलीत सगळेच जातपात न मानणारे निघाले, आता काय करू?

डेटावाली: नमस्कार मंडळी. एमए सायकॉलॉजी, दुसरं वर्ष. डेझर्टेशनचा विषय शहरी मध्यमवर्गाचा जातीबद्दलचा दृष्टिकोन. गूगल फॉर्म केला, 1 ते 5 ची लायकर्ट स्केल (1 म्हणजे अजिबात पटत नाही, 5 म्हणजे पूर्ण पटतं), 'सर्व जातींचे लोक समान आहेत' छापाची 20 वाक्यं, नातेवाइकांच्या नि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, 112 जणांनी भरला आणि जवळपास सगळ्यांनी 5 ठोकलेत. सर म्हणतात सॅम्पल वाढव. पण मला वेगळंच खुपतंय. काही ज्येष्ठांचे फॉर्म मी घरी जाऊन भरून घेतले, एका काकूंनी सगळीकडे 5 सांगितलं, मग माझ्यासाठी कपबशीतून चहा आणला आणि कामाच्या मावशींसाठी खिडकीत पालथा घातलेला वेगळा कप काढला, टवका उडालेला. हा कप कुठल्या कॉलममध्ये भरू?

बाकावरचा_बंड्या: सॅम्पल वाढवून काय होणार, 112 पाचांचे 500 पाच होतील 😄 हे दुखणं जुनंच आहे. लापिएर नावाचा अमेरिकन समाजशास्त्रज्ञ 1930 च्या सुमारास एका चिनी जोडप्याला घेऊन गाडीने देशभर हिंडला. तेव्हा तिथे चिन्यांबद्दल भयंकर आकस. तरी 251 हॉटेलं-खानावळींपैकी फक्त एकाने नकार दिला. सहा महिन्यांनी त्याच ठिकाणांना पत्र, चिनी गिऱ्हाईक घ्याल का? 128 उत्तरं आली, 90 टक्क्यांहून जास्त 'नाही'. 1934 चा पेपर आहे, सापडला तर वाच.

नानांची_टपरी: बंड्या, पण तिथे उलटं होतं ना, कागदावर वाईट आणि समोर चांगले. आपल्याकडे कागदावर सगळे संत. शिवाय पत्राला उत्तर देणारा मालक आणि काउंटरवर खोली देणारा पोऱ्या एकच होता का, हे कोणाला ठाऊक, आणि सोबत गोरा माणूस असला की वागणूक बदलतेच, ही टीका तेव्हापासून आहे.

डेटावाली, तुझी गोची प्रश्नात आहे. 'समान आहेत का' विचारलं की माणूस नागरिकशास्त्राचा पेपर लिहितो. त्यापेक्षा कृती विचार. आयएचडीएस, म्हणजे इंडिया ह्यूमन डेव्हलपमेंट सर्व्हे या देशभरच्या सर्वेक्षणात (2011-12, चाळीसेक हजार घरं) आधी सरळ विचारलं, घरात कोणी अस्पृश्यता पाळतं का. जे नाही म्हणाले त्यांना पुढे विचारलं, दलित व्यक्ती तुमच्या स्वयंपाकघरात आली किंवा तुमची भांडी वापरली तर चालेल का. तिथे आणखी काही घरं गळाला लागली, दोन्ही मिळून साधारण 27 टक्के. तुझा कप या दुसऱ्या प्रश्नात बसतो बघ.

मेथड_मावशी: नानांशी सहमत. जोडीला मार्लो-क्राउन स्केल लाव, 1960 ची, 33 चूक-बरोबर वाक्यं, कोण स्वतःला फार गुणी दाखवतंय ते कळतं. मोठी वाटली तर छोटी रूपंही आहेत. लिस्ट एक्सपेरिमेंट सुचवणारे भेटतील (अर्ध्यांना चार वाक्यं, अर्ध्यांना तीच चार अधिक नाजूक पाचवं, किती पटली एवढा आकडाच सांगायचा, सरासरीतला फरक म्हणजे उत्तर), पण 112 मध्ये एरर इतका येईल की हाती धुपाटणं.

खरी वागणूकच बघायची तर थोरात-अ‍ॅटवेलचा 2007 चा अभ्यास बघ, नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले, बदललं फक्त नाव, आणि दलित-मुस्लिम नावांना बोलावणी कमी आली. हे एमएच्या वेळात झेपणार नाही, सोड.

आणि अगं, तो कप थेट डेटात घालू नकोस. काकूंनी संमती फॉर्मची दिलीय, स्वयंपाकघराची नाही. त्यावरून प्रश्न बनव, इतकंच.

डेटावाली: थँक्यू सगळ्यांना!! भांडीवाला प्रश्न टाकला, पायलट म्हणून आधी आईलाच फोनवर विचारला. जरा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "हे तू विचारतेयस का तुझं कॉलेज?" आता या उत्तराचं कोडिंग कसं करतात, म्हणजे त्याला कुठला आकडा देतात, तेही सांगा 😭