बिअर्डेड ड्रॅगनच्या आहारात पेलेटला किती जागा द्यावी? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे गोट्या नावाचा बिअर्डेड ड्रॅगन (पाळीव सरडा) आहे. वर्षाचा होत आलाय. आजवर त्याचं पोट मुख्यतः किड्यांवरच भरायचं: रातकिडे, डुबिया झुरळं, अधूनमधून ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या. आता या वयात किडे कमी करून पाला वाढवायचा असतो, आणि गाडी तिथेच अडली आहे. पाला समोर ठेवला की तो बघतो आणि तोंड फिरवतो. पेलेट (तयार खाद्याच्या कोरड्या गोळ्या) भिजवून दिले तर मात्र वाटी साफ. घरच्यांचं म्हणणं, खातोय ना, मग तेच देऊ या, पाकिटावर ‘संपूर्ण आहार’ असं लिहिलंच आहे. मला ते पटत नाहीये आणि त्याच्या तब्येतीची काळजी वाटते, म्हणून जाणकारांना विचारते आहे.

सगळ्यात मोठी शंका पाण्याची. कोरड्या पेलेटमध्ये पाणी जेमतेम १० टक्के असतं. रातकिड्यात ते ७० टक्क्यांच्या आसपास आणि हिरव्या पाल्यात ९० टक्क्यांच्या आसपास. हा प्राणी मूळचा ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या भागातला. गोट्या वाटीतलं पाणी क्वचितच पितो, म्हणजे त्याच्या पोटात जाणारं बहुतेक पाणी खाण्यातूनच जात असणार. पेलेट वाढल्यापासून त्याच्या विष्ठेतला पांढरा भाग (युरेट) पिवळट आणि खडूसारखा कोरडा दिसतोय. पेलेट भिजवून देऊनही असं होऊ शकतं का?

दुसरं म्हणजे प्रथिनं. पाकिटावर २५ टक्के लिहिलंय. रातकिड्यात २० टक्के असतात असं वाचलं. मग पेलेट जास्त पौष्टिक समजायचे का?

बाकी माहिती: युव्हीबी ट्यूब (अतिनील किरणांचा दिवा) आहे आणि ती वेळच्या वेळी बदलते. बास्किंगच्या (ऊब घेण्याच्या) जागी ४० अंश सेल्सियस, थंड बाजूला २५ ते २६. भूक चांगली आहे. जबडा घट्ट आहे, पायांना थरथर नाही, म्हणजे हाडांच्या आजाराची लक्षणं मला तरी दिसत नाहीत. किड्यांना कॅल्शियम पावडर लावते, आणि एक मल्टिव्हिटॅमिनही आहे.

पेलेट पूर्ण बंद करू, की थोडे ठेवू? थोडे म्हणजे किती?

प्रतिसाद

आधी युरेटचं. पिवळा रंग एखाद्या दिवशी दिसला तर चालतं. रोज पिवळा किंवा केशरी आणि कोरडा दिसत असेल तर पाणी कमी पडतंय असं समजा. सरड्यांच्या शरीरातला नायट्रोजनचा कचरा मुख्यतः युरिक ॲसिडच्या रूपात बाहेर पडतो. पाणी दीर्घकाळ कमी पडलं की ते साचून मूत्रपिंडावर ताण येतो आणि पुढे गाऊट (सांध्यांत आणि अवयवांत युरिक ॲसिड साचण्याचा आजार) होऊ शकतो. म्हणून व्हेटना एकदा दाखवाच. सरपटणारे प्राणी बघणारे व्हेट मिळाले तर उत्तम, आणि जाताना ताजी विष्ठा घेऊन जा. भिजवलेला पेलेटही ताज्या पाल्याइतका ओला होत नाही. वरवर मऊ वाटतो, पण चिरडून बघा, बऱ्याचदा आत कोरडा गाभा असतो. अर्धा तास कोमट पाण्यात ठेवा आणि आतपर्यंत मऊ झाल्यावरच द्या. उरलेले दोन-तीन तासांत उचला, ओले पेलेट त्या उष्णतेत लवकर आंबतात.

प्रथिनांचा हिशेब मात्र तसा लावू नका. पाकिटावरचे २५ टक्के हे कोरड्या वस्तूतले आहेत, रातकिड्यातले २० टक्के पाण्यासकट. पाणी वजा करा: पेलेटचे होतात साधारण २८ टक्के, रातकिड्याचे ६५ च्या पुढे. म्हणजे किड्यांची जागा हा पेलेट भरून काढत नाही आणि पाल्याचीही नाही, कारण पाल्यातलं पाणी त्यात नाही.

‘संपूर्ण आहार’ या शब्दांवर फार भिस्त ठेवू नका. कुत्र्या-मांजरांच्या खाद्यासाठी अमेरिकेतल्या आफ्को या संस्थेने पोषक घटकांची प्रमाणं ठरवून दिली आहेत. सरड्यांसाठी तिची अशी प्रमाणं नाहीत.

माझ्या मते पेलेट पूरक म्हणून ठेवावेत. प्रौढ ड्रॅगनच्या खाण्यात बहुतेक भाग पाल्याचा, किडे आठवड्यातून दोन-तीनदा आणि पेलेट एखाद-दुसऱ्या वेळी, तेही पाल्यात मिसळून. गोट्याला पेलेट आवडतात याचा उपयोग करून घ्या. मऊ पेलेट कुस्करून बारीक चिरलेल्या पाल्यात कालवा आणि दर काही दिवसांनी पेलेट कमी करत जा. पाला सकाळी, दिवे लागून तो अंगात ऊब घेऊन झाला की लगेच द्या. किडे त्यानंतर, तेही रोज नकोत. पोट आधीच किड्यांनी भरलेलं असेल तर तो पाल्याकडे वळणार नाही. डँडेलियनची पानं, मोहरीची पानं, किसलेला लाल भोपळा यांनी सुरुवात करा. पालक रोज नको, त्यातल्या ऑक्झॅलेटमुळे कॅल्शियम अडकून बसतं.

प्रतिसाद

वरच्या उत्तराशी सहमत. एक भर घालतो. पेलेटमध्ये व्हिटॅमिन ए आणि डी३ आधीच घातलेली असतात. वर मल्टिव्हिटॅमिन पावडरही दिली तर दोन्हींचा डोस जास्त होतो आणि ही जीवनसत्त्वं शरीरात साठत जातात. पाकिटावर घटक वाचा. पेलेट देता त्या दिवशी मल्टिव्हिटॅमिन वगळा. नुसतं कॅल्शियम वेगळं, किड्यांना ते लागतंच, कारण रातकिड्यात कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस कितीतरी पट जास्त असतो.

आणि कृपया हा सल्ला दुसऱ्या सरड्यांना जसाच्या तसा लावू नका. इग्वाना पूर्ण शाकाहारी, त्याला किड्यांचं किंवा माशांचं पीठ असलेले पेलेट नकोत. लेपर्ड गेको हलणारी शिकार टिपतो, त्याला पेलेट दिसतही नाहीत म्हटलं तरी चालेल. उलट क्रेस्टेड गेको पाण्यात कालवलेल्या तयार पावडरीवर चांगले वाढतात, पण ते मूळचेच मऊ फळं आणि फुलांतला मध चाटणारे.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. पेलेट आत्ताच फोडून बघितला, तासभर भिजूनही मधोमध कोरडा गाभा निघाला. मल्टिव्हिटॅमिनच्या डबीवरही ए आणि डी३ दोन्ही आहेत, तेव्हा आजपासून पेलेटच्या दिवशी ती बंद. व्हेटची वेळ घेतली आहे.

एकच विचारायचं राहिलं: मोठं पाकीट घेतलंय, फोडून बरेच दिवस झाले. अजून वापरू का?

प्रतिसाद

फोडल्यावर हवा, उजेड आणि उष्णता यांनी जीवनसत्त्वं हळूहळू उतरतात, मुदत शिल्लक असली तरीही. टेरॅरियमच्या (सरड्याच्या काचेच्या पेटीच्या) दिव्यांजवळ ठेवलं असेल तर आधी तिथून हलवा. वास खवट येत असेल किंवा ओल लागली असेल तर टाकून द्या. पुढच्या वेळी लहान पाकीट घ्या आणि झाकणाच्या डब्यात थंड, कोरड्या जागी ठेवा. व्हेट युरेटबद्दल काय म्हणाले ते इथे नक्की लिहा.